माळावर अश्वगंधा: जूनला पेरायची की ऑगस्टअखेर? बियाणं किती, आणि विकायची कुठं?

माळावरचा_भूम

राम राम मंडळी.

तालुका भूम, बालाघाटची कड. दीड एकर माळ आहे, वरची माती ९-१० इंच, तांबूस, चुनखडीचे खडे असलेली, खाली पिवळा मुरूम. सोयाबीन इथं शेंगा भरायच्या वेळीच माना टाकतं. त्याला लागून खालच्या अंगाला अर्धा एकर काळं रान आहे, पावसाळ्यात तिथं पाणी रेंगाळतं. विहीर जानेवारीपर्यंत रोज तासभर चालते, त्यापुढं भरवसा नाही.

या दोन एकरांत अश्वगंधा करायची आहे. एका कंपनीचा प्रतिनिधी गावात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: एकरी ८ किलो बियाणं, ते त्याच्याकडूनच घ्यायचं, मृग निघाला की पेरायची, एकरी १० क्विंटल वाळलेलं मूळ निघतं, सगळा माल तेच उचलणार. करार एका पानाचा आहे आणि त्यात भाव "बाजारभावाप्रमाणे" असा लिहिलाय.

विचारायचं ते असं. पेरणी कधी? बियाणं खरंच ८ किलो लागतं का? १० क्विंटल शक्य आहे का? रोप करून लावली तर बियाणं वाचेल का? आणि काढल्यावर वाळवायची, प्रतवारी करायची कशी, हे कुणी नीट सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा सविस्तर लिहावं.

---

तिरकस_तिफण

८ किलो बियाणं तुम्हाला लागत नाही, त्याला विकायला लागतं.

---

काकरी

भूमचे भाऊ, तुमचं तांबडं रान या पिकाला हवं तसं आहे. सोयाबीनला जे नडतं तेच इथं उपयोगी पडतं. निचरा होणारी हलकी जमीन, सामू (मातीचा पीएच) ७.५ ते ८, पावसाळा संपत आल्यावर कोरडी हवा, एवढंच तिचं मागणं. चुनखडीचे खडे असले तर असू द्या. फक्त हाताच्या मुठीएवढे दगड असतील तर वेचून घ्या, मूळ दगडाला टेकलं की फाटा फोडतं.

जूनमध्ये पेरू नका. पहिलं कारण, रोप लहान असताना लागून पाऊस झाला की मर लागते, मातीलगत खोड काळं पडून रोप आडवं होतं. दुसरं, जून-जुलैचं तण अश्वगंधेच्या रोपाला दाबून टाकतं, कारण पहिला महिनाभर हे रोप फारच सावकाश वाढतं. तिसरं कारण लोक विसरतात: पावसाळाभर ओल मिळाली की झाड पाला आणि फांद्या करतं, मूळ मागं राहतं. हिरवंगार कमरेएवढं रान बघून शेजारी वाहवा करतील, पण उपटल्यावर हाती लाकडी दोरी येईल.

तुमच्याकडची वेळ म्हणजे साधारण १५ ऑगस्ट ते १० सप्टेंबर. मोठा पाऊस ओसरलाय, जमिनीत ओल आहे, वापसा आलाय, असा दिवस धरायचा. रान जूनपासून पडीक ठेवायचीही गरज नाही. मृगात मूग किंवा उडीद पेरा, ६५-७० दिवसांत रान मोकळं होतं. शेंगा तोडल्या की झाडं उपटून वखराच्या दोन पाळ्या द्या आणि अश्वगंधा घ्या. उडदामुगाच्या बेवडावर, म्हणजे ते पीक निघालेल्या रानात, नत्र वेगळं द्यावं लागत नाही. मात्र ज्या रानात मागच्या दोन वर्षांत वांगी, टोमॅटो किंवा मिरची झाली असेल ते रान सोडा. अश्वगंधा त्यांच्याच कुळातली आहे, कीड आणि सूत्रकृमी तिथं आधीच बसलेले असतात.

मशागत: उन्हाळ्यात एक खोल नांगरट, ९ ते १० इंच. मुरमाचा वरचा थर थोडा फुटला तर चांगलंच. पूर्ण कुजलेलं शेणखत एकरी ४ ते ५ टन, शेवटच्या पाळीआधी. "पूर्ण कुजलेलं" यावर जोर आहे, कच्च्या खतानं वाळवी येते. खतात एकरी २ किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून, ओलसर ठेवून, आठ-दहा दिवस सावलीत झाकून मग पसरलं तर मुळकुजीला बराच आळा बसतो. युरियाची गोणी घरातच राहू द्या.

पेरणी: बी फेकून पेरण्यापेक्षा ओळीत पेरा. एक फुटावर काकऱ्या पाडायच्या, उथळ. बी पाचपट बारीक वाळूत किंवा चाळलेल्या मातीत मिसळायचं आणि हातानं काकरीत सोडायचं. खोली १ ते दीड सेंटीमीटर, म्हणजे नखाएवढी. दोन सेंटीमीटरच्या खाली गेलेलं बी बहुतेक उगवत नाही. तिफणीनं पेरलं तर हमखास खोल जातं. माती लोटायला बोराटीची नाहीतर बाभळीची फांदी ओढा, वखर फिरवू नका.

पेरल्यावर सात ते दहा दिवसांत उगवण दिसायला लागते, मागं राहिलेलं बी पंधरा दिवसांपर्यंत निघतं. या काळात एखादी जोराची सर येऊन वर ऊन पडलं की माती पापुद्रा धरते आणि कोंब खालीच वाकून मरतो. तुषार संच असेल तर अर्धा तास चालवून पापुद्रा मऊ करायचा. नसेल तर पाठपंपानं ओळींवर पाणी मारलं तरी चालतं, वेळखाऊ आहे पण दीड एकर जमतं.

---

बी_बेवड

काकरी यांनी लिहिलंय त्यात बियाण्याचं आणि उत्पन्नाचं गणित घालतो, म्हणजे ८ किलो आणि १० क्विंटल दोन्हींचा निकाल लागेल.

अश्वगंधेच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५०० बिया असतात. एकरी ४ किलो म्हणजे २० लाख बिया. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा एका चौरस मीटरवर जवळपास ५०० बिया पडतात. आपल्याला तिथं शेवटी ३० ते ४० झाडंच ठेवायची असतात! शेतात दहातलं एकच बी उगवलं तरी ५० झाडं होतात आणि विरळणी करावी लागते. फेकून पेरायला एकरी ४ ते ५ किलो, ओळीत पेरायला ३ किलो भरपूर झालं. ८ किलो पेरलं तर विरळणीची मजुरीच बियाण्याच्या दुप्पट होईल.

एवढं जास्त बी सांगण्यामागं एक खरी अडचण आहे, ती म्हणजे जुनं बी. वर्ष उलटलं की उगवण झपाट्यानं पडते. घेताना याच हंगामाचं बी आहे का ते विचारा, आणि घरी तपासा: १०० बिया मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, बाराव्या दिवशी मोजा. ६० च्या वर कोंब असतील तर घ्या. ४० च्या खाली असेल तर फुकट मिळालं तरी नको. पेरायच्या आदल्या रात्री बी पाण्यात भिजवून सकाळी सावलीत सुकवायचं, मग किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळायचा.

आता उत्पन्न. एक फूट ओळ आणि विरळणीनंतर दोन झाडांत १० सेंटीमीटर धरलं तर चौरस मीटरला ३३ झाडं, एकरात सुमारे १ लाख ३३ हजार. झाडामागं २ ग्रॅम वाळलेलं मूळ मिळालं तर एकरी २६६ किलो, म्हणजे पावणेतीन क्विंटल होत नाही. कोरडवाहूत २ ते अडीच क्विंटल हा प्रामाणिक आकडा आहे, चांगल्या व्यवस्थापनात ३ ला जातो. १० क्विंटल हवे असतील तर प्रत्येक झाडाला साडेसात ग्रॅम वाळलेलं मूळ यायला हवं, तेही एकही झाड न मरता. ओलं मूळ वाळून एक तृतीयांशच्या आसपास राहतं. तुमचा प्रतिनिधी कदाचित ओल्याचं वजन सांगत असेल, आणि तेही वाढवून.

वाण: मध्य प्रदेशच्या पट्ट्यात जवाहर असगंध-२० आणि जवाहर असगंध-१३४ हे मंदसौरला तयार झालेले वाण जुने आणि रुळलेले आहेत. लखनौच्या सीमॅपचे (केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्था) पोषिता आणि रक्षिता हे वाणही मिळतात. माळावर घाटाच्या कडेला आपोआप उगवणारी ढोरगुंज म्हणजेही हीच वनस्पती, पण तिचं बी गोळा करून पेरू नका. ती बहुवर्षायू झुडूप होण्याकडे जाते आणि मूळ लाकडी होतं. लागवडीचे वाण निवडताना पिठूळ, ठिसूळ मूळ बघूनच निवडलेत. औषधाच्या बाजारात भाव त्या पिठूळपणालाच आहे.

---

रोपवाटिका_२१

रोपांच्या पद्धतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. गादीवाफ्यावर रोपं केली तर एकराला दीड ते दोन किलो बी पुरतं आणि ३५ ते ४० दिवसांचं रोप लावता येतं. पहिल्या महिन्याचं तण वाचतं, मूग निघायच्या आतच रोपं तयार असतात. सीमॅपनंही रोपांची पद्धत सांगितलेली आहे. ती सरसकट वाईट नाही.

---

काकरी

बी वाचतं हे खरं. पण भूमच्या भाऊंच्या रानात ती नको, असं माझं स्पष्ट मत आहे. रोप उपटताना सोटमुळाचं टोक तुटतं किंवा लावताना वाकतं, आणि मग एका सरळ मुळाऐवजी तीन-चार फाटे फुटतात. मूळच विकायचं असलेल्या पिकात हा मोठा तोटा. शिवाय एकरी लाखभर रोपं लावायला मजूर कुठून आणणार? रोपांची पद्धत बियाण्यासाठी घेतलेल्या प्लॉटला किंवा दोन फूट बाय दोन फुटांवर लावणाऱ्यांना ठीक आहे. दोन फुटांवर एकरात ११ हजार झाडं बसतात. तिथं तेवढंच उत्पन्न काढायला झाडामागं २४ ग्रॅम मूळ लागेल, आणि हलक्या रानात ते येत नाही.

---

रोपवाटिका_२१

फाट्यांचा मुद्दा मान्य. प्रो-ट्रेमध्ये (कप्प्यांच्या प्लास्टिक तबकात) रोप केलं तर टोक तुटत नाही, पण एकरी लाखभर कप्प्यांचा खर्च या पिकाला परवडणार नाही. तेव्हा हलक्या रानाला थेट पेरणीच.

---

बी_बेवड

मधल्या काळाचं थोडं.

पेरणीनंतर २५ दिवसांनी पहिली खुरपणी आणि त्याच हातानं विरळणी. संपूर्ण पिकात सर्वात महाग आणि सर्वात महत्त्वाचं काम हेच. झाडं दाट राहिली तर मुळं उदबत्तीच्या काडीसारखी बारीक येतात, आणि बारीक मुळाला सगळ्यात खालचा भाव. दोन झाडांत आठ ते दहा सेंटीमीटर, म्हणजे चार-पाच बोटं अंतर. विरळणी ओल असताना करा, नाहीतर उपटलेल्या रोपाबरोबर शेजारचंही हलतं. दुसरी खुरपणी किंवा कोळपणी ४५ ते ५० दिवसांनी. पुढं झाडंच रान झाकतात. तणनाशक वापरू नका. या पिकासाठी शिफारस नाही, आणि विकलेल्या मुळांत त्याचा अंश सापडला तर अख्खा लॉट परत येतो.

पाणी: उगवण झाल्यावर परतीचा पाऊस पुरतो. नोव्हेंबरमध्ये झाडं दुपारी मान टाकून सकाळीही उठत नसतील तर एक हलकं पाणी, डिसेंबरात तसंच आणखी एक. यापेक्षा जास्त दिलं की मूळ रेषाळ होतं. खरा धोका उलट बाजूनं आहे: सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठवाड्यात एका रात्रीत चार इंच पाऊस पडतो. उताराच्या दिशेनं दर दहा-बारा फुटांवर एक सरी पेरणीच्या दिवशीच मोकळी काढून ठेवा. पाणी दोन दिवस साचलं की मुळकूज ठरलेली.

कीड: मुख्य म्हणजे ठिपक्यांचा भुंगेरा, वांग्यावर येतो तोच. तांबूस पाठीवर २८ काळे ठिपके, अळी पिवळी आणि काटेरी. अळी पानाचा हिरवा भाग खरवडून खाते, पानाची जाळी होते. पान उलटून बघा: पिवळी, उभी, तांदळाच्या कणीसारखी अंडी एकत्र चिकटलेली दिसतात. ती पानंच तोडून साबणाच्या पाण्यात टाका. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाआड एक फेरी मारली तर फवारणीची वेळ क्वचित येते. आलीच तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीच्या बियांचा भरडा, रात्रभर भिजवून गाळून, संध्याकाळी फवारायचा. ऑक्टोबर उन्हात कोळी (पानाखाली रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर तोच अर्क पानाच्या खालून. पानं बारीक, झुपक्यासारखी होऊन झाडाचा झाडू झाला तर तो रोग आहे, औषध शोधू नका. झाड उपटून जाळा.

रोही सहसा या पिकाला तोंड लावत नाहीत. तुमच्या माळाला कुंपण नसेल तर हा एक फायदा.

---

गोणी_ते_गोदाम

काढणी आणि विक्री. इथं घाई झाली की वर सगळं बरोबर करूनही भाव निम्म्यावर येतो, म्हणून लांबण लावतोय.

पेरणीपासून १५० ते १७० दिवसांनी, म्हणजे तुमच्याकडं जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, खालची पानं पिवळी पडून गळतात आणि फुग्यासारख्या कागदी टोपणातली फळं तांबडी होतात. सगळं रान एकदम बघू नका. पाच ठिकाणची पाच-पाच झाडं उपटा आणि मूळ मोडा. कट्कन मोडून आत पांढरं, पिठूळ दिसलं तर तयार. वाकलं आणि सालीचे धागे लोंबले तर आधी विचारा की पाणी जास्त झालं का. वय उलटून गेलं तरीही असंच होतं, म्हणून मार्चअखेरपर्यंत "अजून जाड होईल" या आशेनं थांबू नका.

आधी फळं हातानं तोडून घ्या, बी वेगळं विकलं जातं. मग उपटणी. रान अगदी कोरडं असेल तर मूळ अर्ध्यात तुटतं आणि जाड भाग जमिनीत राहतो. विहिरीला पाणी असेल तर तीन-चार दिवस आधी एक हलकं पाणी द्या. दोन ओळींमधून नांगराचा फाळ खोल घालून माती सैल केली तर दोन मजुरांचं काम एक करतो.

उपटल्याबरोबर, त्याच दिवशी, खोड कापा. मुळाच्या डोक्यापासून एक ते दोन सेंटीमीटर वर. ताजं खोड विळ्यानं सहज कापतं. वाळल्यावर कापायला गेलात तर मूळच फुटतं. खोडाचा याहून लांब तुकडा मुळाला राहिला तर व्यापारी तो भेसळीत धरतो. पाल्याचं तर बोलूच नका. आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका असं बजावलं आहे, तेव्हापासून मोठे खरेदीदार मुळात पाना-खोडाचा अंश आहे का ते प्रयोगशाळेत तपासतात. पाला खड्ड्यात घाला.

धुणं: वाहत्या पाण्यात भराभर, घमेल्यात भिजत ठेवायचं नाही. माती राहिली तर राखेचं प्रमाण वाढतं. आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या सरकारी मानकांचा ग्रंथ) एकूण राख ७ टक्क्यांच्या आत आणि आम्लात न विरघळणारी १ टक्क्याच्या आत लागते. ही दुसरी राख म्हणजे बहुतांशी वाळू-माती. तांबडी माती सालीत बसते, तेव्हा तुमच्या रानात धुणं चुकवता येणार नाही.

मग ७ ते १० सेंटीमीटरचे तुकडे करून ताडपत्रीवर किंवा फरशीवर एका थरात पसरा, मातीवर नको. दिवसातून दोनदा हलवा, रात्री झाका. दव बसलं की पांढरं मूळ पिवळं पडतं आणि बुरशीचे काळे ठिपके येतात. थंडीच्या उन्हात आठ-दहा दिवस लागतात. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की मूळ दोन्ही हातांत धरून वाकवताच खडूसारखं तुटतं. वाळल्यावर ढीग करून लाकडी दांड्यानं हलक्या हातानं बडवायचं: चिकटलेली माती आणि केसासारखी उपमुळं झडतात. झडलेलं चाळून वेगळं ठेवा, तेही भुकटीवाले घेतात.

प्रतवारीची बाजारातली ढोबळ रीत अशी. पहिली: ७ सेंटीमीटर लांब, एक ते दीड सेंटीमीटर जाड, भरीव, आतून पांढरं. दुसरी: ५ सेंटीमीटर लांब, जाडी एकच्या आसपास. तिसरी: ३-४ सेंटीमीटर, एकापेक्षा बारीक. खाली उरते ती चुरी, पोकळ आणि पिवळट तुकडे. चाळणीनं ही प्रतवारी होत नाही; चार बायका ताडपत्रीभोवती बसून हातानं वेचतात तेव्हा होते. एकत्र गोणी नेली तर भाव तिसऱ्या प्रतीचाच बोलला जातो, कारण घेणारा हात घालून वरखाली करतो तेव्हा त्याच्या मुठीत बारीकच जास्त येतं.

गोण्या तागाच्या, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब. पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. जूनच्या दमट हवेत मुळाला कीड लागते, टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला की समजा वजन गेलं.

विक्री: देशातली या मालाची मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशातली नीमच मंडी. तिथं ढिगाचा लिलाव डोळ्यांसमोर होतो. मुंबईत मशीद बंदरच्या जडीबुटी व्यापाऱ्यांकडंही माल जातो, पण आधी नमुना पाठवावा लागतो. नमुना काढायची रीत म्हणजे पाच गोण्यांतून, वरून-मधून-खालून, मूठ-मूठ काढून एकत्र केलेला एक किलो. वरचं निवडक मूळ पाठवलं तर माल पोचल्यावर कटती (पैशांत कपात) लागते आणि परत आणायचं भाडं तुमचं.

आता तो एका पानाचा करार. सफेद मुसळीच्या वेळी महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. कंद महागात विकले गेले आणि परत घ्यायच्या वेळी फोन लागेनात. बियाण्याच्या विक्रीतच ज्याचा नफा होऊन जातो त्याला तुमच्या मुळाची गरज नसते. करारात निदान एवढं लिहून मागा: किमान भाव आकड्यात, प्रत कोणती आणि ओलावा किती टक्क्यांपर्यंत, तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत आणि तिचा खर्च कुणाचा, वजन कुठल्या काट्यावर, तुमच्या गावात की त्यांच्या गोदामात, पैसे किती दिवसांत, आणि बियाणं बाहेरचं घेतलं तरी करार राहतो का. शेवटच्या प्रश्नाला नाही म्हटलं की बाकीचे विचारायची गरज नाही.

---

माळावरचा_भूम

सगळ्यांचे आभार, एवढं एका जागी कुठं मिळालं नव्हतं. प्रतिनिधीला फोन करून बियाणं बाहेरचं चालेल का विचारलं, "चालत नाही" म्हणाला. विषय संपला.

दोन शंका राहिल्या. खर्चाचा अंदाज कसा धरायचा? आणि काळ्या रानाच्या अर्ध्या एकरात गादीवाफे करून घेतली तर?

---

काकरी

काळ्या रानात घेऊ नका. गादीवाफ्यानं पाणी निघेल, पण मूळ पोसताना माती आवळते आणि काढताना भेगांत मूळ तुटतं. धुताना चिकट माती सालीतून सुटत नाही. तिथं हरभरा घ्या.

खर्च, एकरी: मजूर पहिल्या खुरपणी-विरळणीला १५, दुसरीला ८, काढणीला १५ ते १८, खोड कापणं-धुणं-तुकडे-प्रतवारीला २० ते २२. एकूण ६० च्या आसपास. समजा मजुरी ३५० रुपये, तर २१ हजार. शेणखत, मशागत, बी, निंबोळी, ताडपत्री, गोण्या, भाडं धरून आणखी १७ ते १८ हजार. म्हणजे ३८-३९ हजार.

आता समजा अडीच क्विंटल माल आणि मिसळ सरासरी २५ हजार रुपये क्विंटल: ६२,५०० येतात. तोच माल दाट, बारीक, पिवळट झाला आणि १५ हजारांनी गेला तर ३७,५००, म्हणजे घरच्यांची मजुरी सोडा, घातलेलंही निघत नाही. हे भाव हिशेबापुरते धरलेत. निघायच्या आधी नीमचचा त्या आठवड्याचा भाव प्रतवार बघा आणि तुमचे आकडे घाला. अनुदान मिळेल असं धरून हिशेब करू नका, मिळालं तर वरचं.

पहिल्या वर्षी दीड एकर सगळा नको. २० गुंठे करा, त्यातली विरळणी आणि प्रतवारी हातात बसू द्या.

---

गोणी_ते_गोदाम

२० गुंठ्यांचा माल सव्वा क्विंटल होईल, तेवढ्यासाठी नीमचची गाडी परवडणार नाही. आजूबाजूचे आणखी चार-पाच जण करणार असतील तर एकत्र न्या, पण गोण्यांवर नाव आणि प्रत लिहून. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचं ई-चरक हे खरेदीदार-विक्रेत्यांचं व्यासपीठ आहे, तिथं नोंद करून ठेवा. मंडळाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्याला विद्यापीठात आहे, बी आणि खरेदीदार या दोन्हींची चौकशी तिथं करता येईल.

आणि ई-पीक पाहणीत अश्वगंधा म्हणूनच नोंद करा, "इतर" टाकू नका. हेच मूळ रानातूनही येतं. वाटेत कुणी वनोपज म्हणून गाडी अडवली तर सातबाऱ्यावरची ती ओळ दाखवता येते.

---

बी_बेवड

बी धरण्याबद्दल एक राहिलं. पुढच्या वर्षीचं बी स्वतःच्याच रानातून घ्या, पण सरसकट फळं तोडून नाही. डिसेंबरात रानाच्या मधल्या भागातली, रोग नसलेली, बुटकी आणि आटोपशीर अशी पन्नास-साठ झाडं फडक्याची चिंधी बांधून ठेवा. काढणीला त्यांची फळं वेगळी तोडा आणि मग मूळ मोडून बघा. ज्याचं मूळ धागे सोडतं त्याची फळं बाकीच्या ढिगात टाका. उरलेली कुस्करून, पाण्यात धुऊन, गर पूर्ण काढून बी सावलीत वाळवा. गर राहिला तर बुरशी धरते. २० गुंठ्यांना दीड किलो लागतं. तेवढं पन्नास झाडांतून होणार नाही, पहिल्या वर्षी पाव किलो झालं तरी पुढं त्याचाच एक वेगळा वाफा करा.

---

तिरकस_तिफण

चिंधी पांढरी बांधू नका, बगळे समजून पोरं दगड मारतात. लाल बांधा.